भूक रुसायच्या आत

बारामतीच्या कालवा कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी कचेरीला आग लागली, असं निदान मला वाटलं.

समोरच्या टेबलावर मिशा पिकू लागलेले एक गृहस्थ लिहिता लिहिता सारखे खिडकीबाहेर बघत होते. एकाएकी त्यांनी टाक टाकला. तो दौतीत पडला की माझ्या नव्या धोतरावर, हेही न बघता ते उठले आणि दार सोडून खिडकीतूनच उडी मारून मागच्या अंगणात पळत सुटले. त्या वयात मला माझ्या प्रसंगावधानाचा फार अभिमान. "आग! आग!" असं ओरडत मी कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलला आणि त्यांच्यामागं खिडकीत चढलो. माठ चौकटीला लागून फुटला. मी खिडकीत अडकलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर आणि पूर्ण भिजलेला. कचेरीतलं एक माणूस जागचं हललं नाही. म्हातारा शिपाई फडकं घेऊन आला आणि म्हणाला, "उतरा सायेब. आग न्हाय. वहिनी वट्यावर आल्यात."

तर ते निवृत्तीतात्या. कुठल्या गावाला कालव्याचं पाणी कधी सोडायचं याची पाळी लावणारे कारकून. पाण्याच्या पाळीसाठी मोठमोठे बागाईतदार त्यांच्यापुढं टोपी हातात घेऊन उभे राहत, आणि हा माणूस त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडून खिडकीतून पळे. कचेरीच्या मागं आमच्या खोल्यांची रांग होती. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. त्यांचं टेबल खिडकीशी होतं ते वाऱ्यासाठी नव्हे. तिथून त्यांच्या घराचा ओटा दिसे.

त्या ओट्यावर कधीतरी अनसूयावहिनी येऊन बसत. तान्हं मूल गेल्यापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं होतं. दिवस दिवस त्या आतल्या अंधारात भिंतीला टेकून असत. पण मध्येच कधीतरी त्यांना काहीतरी खावंसं वाटे. तोंडानं त्या सांगत नसत. नुसत्या बाहेर येऊन ओट्यावर बसत. ती इच्छा फार वेळ टिकायची नाही. चुलीवरच्या पाण्याला आधण येईतो वहिनी उठून परत आत गेलेल्या असत. मग पुढं पंचपक्वान्नं मांडली तरी उपयोग नाही.

"भूक रुसायच्या आत ताट गेलं पायजे, पंत," तात्या मला म्हणाले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी पंत करून टाकलं होतं. "येकदा रुसली की ती कुणाच्या बापाची न्हाय."

त्यासाठी तात्यांनी आपली चूल एखाद्या बंबखान्यासारखी सज्ज ठेवली होती. राखेखाली निखारा सदा जागता. हुलगे भाजून, दळून डब्यात भरलेले. पाणी उकळलं की पीठ कालवून टाकायचं, वर लसणाची फोडणी, की माडगं तयार. मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली, मोड आलेली. दाण्याचं कूट, जवसाची चटणी, तीळ भाजून ठेवलेले. मेथीची जुडी हाती लागली तर चुलीचीही गरज नाही. पाला चिरायचा, कांदा, कूट, मीठ आणि कच्चं करडईचं तेल, की घोळाणा झाला. बायकोचा पदर नीट होईपर्यंत ताट तिच्यापुढं. मी घड्याळ लावून बघायचं ठरवलं होतं, पण माझं घड्याळ बंद होतं, हे माझ्या लक्षात चार-पाच ताटं झाल्यावर आलं.

वहिनी कधी चार घास खात, कधी एक. राहिलेलं तात्या खात. ताजं, गरम असं त्यांना स्वतःसाठी रांधलेलं मी पाहिलं नाही. त्यातलंही निम्मं ते मला देत, कारण माझा स्वयंपाक भिंतीपलीकडून नुसत्या वासानंच त्यांना कळत असे.

त्या घरातला चहाही निराळा होता. गवती चहा, आलं आणि गूळ. पहिल्या दिवशी कप हातात घेऊन मी मोठ्या चतुराईनं म्हणालो, "तात्या, दूध विसरलात वाटतं." तात्यांनी माझा हात दाबला तो असा की कप कलंडला. वहिनी आत होत्या. तात्या हळूच म्हणाले, "हितं ते नाव काढायचं न्हाय. दूध न्हाय, ताक न्हाय, तूप न्हाय. का, ते इचारायचं न्हाय." मी विचारलं नाही. धोतरावर आता शाईशेजारी चहा होता आणि मला बोलायला तेवढा विषय पुरेसा होता.

काही दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. मोठा सज्जन माणूस. ते तात्यांना पाण्याच्या पाळीबद्दल विचारत होते, तात्या उत्तर देत होते, आणि "व्हय साहेब, इंदापूरच्या टोकाला पाणी पोचत..." इथपर्यंत आल्यावर तात्या खिडकीतून गेले. साहेब मोकळ्या खिडकीकडं बघत राहिले.

"हे काय?"

मला पुन्हा प्रसंगावधान सुचलं. "पोट बिघडलंय साहेब. जुलाब."

"अरेरे," साहेब म्हणाले. "मग त्यांना कामावर कशाला बोलावलंत?"

झालं, मिटलं असं मला वाटलं. पण सांगितलं ना, साहेब सज्जन होते. थोड्या वेळानं मी अंगणात बघतो तो साहेब उतरले होते त्या बंगल्यावरचा आचारी एक मोठं गाडगं घेऊन तात्यांच्या घराकडं निघालेला आणि साहेब स्वतः त्याच्यामागं. गाडग्यात दहीभात. ओट्यावर वहिनी. त्यांच्यापुढं माडग्याची वाटी, मांडीवर भाकरी, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या जेवत होत्या. तात्यांनी गाडगं पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

मी धावत जाऊन आचाऱ्याला आडवा गेलो. "साहेब, ते जुलाब मला झालेत!"

"तुम्ही तर म्हणालात..."

"लाज वाटली साहेब."

"मग लाजायचं काय त्यात? बसा. खा."

साहेबांच्या समोर माझ्या पायरीवर बसून मी ते सगळं गाडगं रिकामं केलं. कुठलीही सबब चालली नाही. संध्याकाळपर्यंत माझं बोलणं शब्दशः खरं झालं. मी पडलेला असताना तात्या पेजेचा वाडगा घेऊन आले. "पंत, आज तुमच्यापायी सबंध भाकर तिच्या पोटात गेली," ते म्हणाले. मग "तुमच्या पोटात काय ऱ्हाईलं का न्हाय?" असं म्हणून खोकल्यासारखं हसले.

पण चार दिवसांत एक भाकरी खाऊन माणूस उभं राहत नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि तात्यांना बजावलं की अंगात रक्त नाही, रोज दूध-तूप पोटात गेलंच पाहिजे. "डाक्टरसायेब," तात्या म्हणाले, "म्हशीनं तरी कुठं दूध पिऊन दूध केलंय? पाला-पेंड खाऊनच केलं की. त्यो पाला आमी हातानं शिजवू." डॉक्टर हसले नाहीत. तात्याही हसले नव्हतेच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजारातला एक पाला सोडला नाही. अंबाडी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, कुणाच्या शेताच्या बांधावरची घोळ. चाकवताला ताक लागतं, म्हणून त्यात आंबट चुका घातला. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात आंबवून ताकाशिवाय आंबील केली. शेजारपाजारच्या बायका नाकाला पदर लावून हसायच्या आणि मग गुपचूप विचारायच्या, "तात्या, आंबवायला किती येळ ठिवलंत?"

वहिनी मात्र खंगतच होत्या. ते बघून मी एक शहाणपणाचा सल्ला दिला. आम्ही दोघं सायकलींवरून कालव्याच्या भरावानं इंदापूरच्या बाजूला चाललो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, कडक ऊन. मी म्हणालो, "तात्या, आमटीत चमचाभर तूप घातलं तर कुणाला कळतं? गुपचूप घाला. औषध म्हणून."

तात्या सायकलवरून उतरले. म्हणून मीही उतरलो, माझ्या पद्धतीनं, म्हणजे सायकल कालव्याच्या बाजूला पडली आणि मी उसाच्या. तात्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. कालव्याच्या पाण्याकडं बघत ते बोलले.

"पोरगं गेलं तवा अंगावर पीत हुतं. पोरगं गेलं, दूध न्हाय गेलं. हिचा पदर भिजायचा. त्याच म्हैन्यात दारची म्हस व्याली आन् रेडकू मेलं. म्हशीनं दूध चढवलं, पान्हाच सोडीना. मी म्हणलं, हिला ताकद याया दूध पायजे, म्हस आटली तर कसं? समदी करत्यात, पंत. मीबी केलं. रेडकाचं कातडं घेतलं, आत पेंढा भरला, काटक्याचं पाय केलं आन् म्हशीम्होरं हुबं केलं. म्हशीनं वास घेतला. चाटाया लागली. चाटता चाटता पान्हा सोडला. मी खाली बसून चरवी भरली. वर बघतो तर ही दारात हुबी. म्हशीकडं बघतीया. आन् हिचा पदर पार भिजलेला."

पाणी नुसतं वाहत होतं.

"काय बोलल्या?" मी विचारलं.

"'तिला फसवलं तुमी.' एवढंच. म्हस मी पळसदेवला तिच्या म्हायेरी पोचवली. ते पेंढ्याचं रेडकू पुरलं. पोराला पुरत्यात तसं पुरलं. पर तिनं बघितलं ते बघितलं. आता तुमी म्हणता, तूप लपवून घाला." त्यांनी सायकल उभी केली. "येकदा फसवून झालंय. आता ती खाईल ते तिला दावून, न्हायतर न्हाय."

मी उसातून उठलो आणि माझी सायकल उचलली.

त्यानंतर एकदा तात्यांना दिवसभरासाठी टोकाच्या गावांना जावं लागलं. जाताना त्यांनी मला खिडकीशी, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "पंत, डोळा हलवू नका. वट्यावर आली की पळा. पिठलं तरी येतं न्हवं?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

दुपारी वहिनी बाहेर आल्या. मी खिडकीतून उडी मारली. या खेपेला माठ नव्हता, त्यामुळं बरी बसली. धावत आत गेलो, निखारा फुंकला, राख डोळ्यांत घेतली, तेल तापवलं, मिरची टाकली, खोकलो, पाणी ओतलं आणि भूक रुसेल या धास्तीनं बेसनाचा डबा वरून सरळ उपडा केला. पातेल्यात जे झालं त्याला पिठलं म्हणणं धाडसाचं होतं. तरी ताटात वाढलं, भाकरी ठेवली आणि वहिनींच्या पुढं नेलं.

वहिनींनी एक गुठळी बोटांत धरून उन्हात न्याहाळली. "भावजी," त्या म्हणाल्या. मी त्यांचा आवाज इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. "हे खायाचं का पाटाच्या भिंतीला लावायचं?"

"वहिनी, आतून मऊ आहे."

त्यांनी ती फोडली. आत कोरडं पीठ. ते उडालं आणि माझ्या नाकावर बसलं. वहिनी हसल्या. पदर तोंडाला लावून, मागं भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. आणि हसता हसता भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, मग दुसरा, मग गुठळ्या बाजूला सारून सगळं पिठलं पुसून घेतलं. "तुमच्या बायकूचं कठीण हाय बरं," असं मला म्हणाल्या आणि ताट स्वतः उचलून आत नेलं.

संध्याकाळी तात्यांना मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. हसली? कशी हसली? आवाज आला? मग पुढं बरेच दिवस तात्या भिंतीपलीकडं गुठळ्यांचं पिठलं करायचा प्रयत्न करत होते. पण हात इतका बसलेला की गुठळी होईच ना. "पंत, ते पीठ कसं टाकलंत, जरा दावा की," असं विचारायला ते माझ्याकडं आले. आयुष्यात स्वयंपाकासाठी माझा सल्ला कुणी घेतला असेल तर तो एवढाच. मी दाखवलं. त्या दिवशी नेमक्या गुठळ्या झाल्या नाहीत. वहिनीही हसल्या नाहीत.

हिवाळ्यात त्या सुधारल्यासारख्या वाटल्या. कुणीतरी हुरडा आणून दिला, तो त्यांनी मागून घेतला. एकदा तर कचेरीच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आज भाकरी मी थापती, तुमी गडबड करू नगा," आणि तात्या दिवसभर पाण्याच्या पाळ्या चुकवत बसले. पण चैत्रात ताप आला आणि अंगात ताप झेलायला काही उरलेलंच नव्हतं. शेवटचे दिवस तात्या कचेरीत आले नाहीत. चुलीपाशी बसून होते. निखारा राखेखाली राखलेला, पातेलं पालथं, आणि नजर तिच्या अंथरुणावर. भूक काही आली नाही.

दहाव्याला आम्ही नरसिंहपूरला गेलो, नीरा-भीमेच्या संगमावर. तसा त्यांच्या माहेरचा रिवाज होता. वहिनींचे थोरले भाऊ पळसदेवहून आले होते. त्यांनी बरोबर बासुंदी आणली होती. लहानपणी तिला फार आवडायची, असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले. गुरुजींनी पिंड मांडले, त्यावर दही-तूप घातलं, शेजारी पानावर भात आणि बासुंदी. तात्या बघत होते.

"गुरुजी, तूप-दही नगो."

"तात्या, शास्त्रात सांगितलंय."

"शास्त्रात असंल. तिच्या पोटात न्हाय."

गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळे मागं सरले. काठावरच्या पिंपळावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. भाऊ हात जोडून म्हणाले, "अनसा, तात्याला आमी अंतर देणार न्हाय." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, पोराचं नाव घ्या. कुणी म्हणालं, तिच्या म्हशीला जीव लावू म्हणून सांगा. मला वाटलं आपणही काही कबूल करावं. पण वहिनींना माझ्याकडून हवं असेल असं गुठळ्यांचं पिठलं एवढंच होतं, आणि तिथं हसणं बरं दिसलं नसतं.

मग तात्या उठले. जवळच्या झोपडीतून त्यांनी पातेलं, मीठ-लसूण आणि हुलग्याचं पीठ मागून आणलं, तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. सगळे नातेवाईक बघत राहिले. त्यांचे हात चालत होते ते मी शेकडो वेळा पाहिले होते तसेच. आधण, पीठ, मीठ, लसूण. गुरुजींचा एक मंत्र पुरा होईतो माडगं झालं. दुधा-तुपाचं पान त्यांनी बाजूला सारलं, नव्या पानावर माडगं वाढलं आणि ते घेऊन ते धावले. पाच-सहा पावलांवर जायचं होतं, तरी धावले.

एक कावळा खालच्या फांदीवर आला. मान वाकडी करून त्यानं पानाकडं बघितलं. तो उडाला आणि नदीपार गेला.

ऊन चढलं. माडग्यावर साय धरावी तशी पापडी आली. लोक उपाशी होते, कुजबुजू लागले. गुरुजींनी मग, अशा वेळी करतात तसं, दर्भ हाती घेतला आणि त्याचा कावळा वळायला बसले. दर्भाच्या कावळ्यानं शिवलं की पिंड पोचतो, अशी सोय आहे. काड्या वाकल्या, चोच झाली, पंख बांधायला घेतले.

तात्यांनी गुरुजींचं मनगट धरलं.

"न्हाय. गवताचा न्हाय."

"अहो, रीत आहे. आत्मा अडकून राहील."

"गवताचं काय बी तिच्याम्होरं ठिवू नगा." त्यांचा आवाज चढला नव्हता. भाऊ म्हणाले, "तात्या, असं काय करता? तिला मोकळं करा." पेंढ्याच्या रेडकाचं तिथं फक्त मला ठाऊक होतं.

तात्या पानापाशी जाऊन उकिडवे बसले. मग तिलाच बोलावं तसं, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "न्हाय ना खायाचं? ऱ्हाऊ दे मग. न्हाय म्हणतीस तर ऱ्हाऊ दे."

त्यांनी पान उचललं, गुडघाभर पाण्यात गेले आणि संगमात सोडून दिलं. परत आले ते भिजल्या धोतरानं आणि गुरुजींना म्हणाले, "झालं. तिला भूक न्हाय."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तोवर तात्यांनी टेबल खिडकीपासून आत भिंतीशी घेतलं होतं. बागाईतदारांचं बोलणं आता ते शेवटपर्यंत ऐकत. त्या घरी दूध मात्र आलं नाही, चहा तसाच राहिला, आणि ते मला तसाच पाजत.

दौंडच्या गाडीवर ते मला पोचवायला आले. नॅरोगेजची ती छोटी गाडी. तिच्या शेजारून म्हातारी माणसंही बोलत बोलत चालत जातात, अशी बारामतीत थट्टा. तात्यांनी खिडकीतून फडक्यात बांधलेलं काही दिलं. भाकरी, झुणका, जवसाची चटणी. अजून गरम होतं.

"आता उघडू का?" मी विचारलं.

"घाई काय हाय?" तात्या म्हणाले. "सावकाश खा, पंत. लांबचं जायाचंय."

गाडी हलली. मी हात बाहेर काढला. ते चार पावलं बरोबर आले, मग मागं पडले. मी मान काढून बघितलं. इतक्या हळू जाणाऱ्या गाडीलाही न गाठता ते फलाटावर उभे होते. दोन्ही हात खाली, चेहरा उन्हाकडं, आणि पाठीमागून शिट्टी देत स्टेशनमास्तर त्यांना बाजूला व्हायला सांगत होता, ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.